एकशेवीस-ऐंशी

रकाना पहिला, नाव : आरोग्य केंद्राच्या बाकावर टेकलेली सून. आठवा महिना. पायांत नवऱ्याच्या चपला, कारण स्वतःच्यांत सुजलेले पाय शिरतच नाहीत.

रकाना दुसरा, तक्रार : "चार दिवस डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात," सून सांगते.

"आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं," सासू म्हणते. पण पुठ्ठ्याने वारा सुनेलाच घालते आहे.

रकाना तिसरा, रक्तदाब : तपासणीला आलेले साहेब नोंदवही चाळतात. एकशेवीस-ऐंशी. एकशेवीस-ऐंशी. पानंच्या पानं तेच.

"शाबास, सिस्टर! सगळ्या बाया ठणठणीत."

"यंत्र सात महिने बंद आहे, साहेब. नळी फाटलीय. पाच अर्ज केले."

"मग हे आकडे?"

"रकाना रिकामा दिसला की तुमचाच फोन येतो. म्हणून लिहिते. या हाताने."

"हळू बोला. लोक ऐकतायत."

साहेब घाम पुसतात. बॅगेतून स्वतःचं छोटं यंत्र काढतात. जेवण झालं की रोज मोजतात ते. स्वतःच्या दंडाला पट्टा लावणार, तेवढ्यात नर्स तो ओढून घेते आणि सुनेच्या दंडाला बांधते.

एकशे बहात्तर-एकशे चौदा.

"चुकलं असेल यंत्र," साहेब पुटपुटतात.

नर्स तोच पट्टा त्यांच्या दंडाला करकचून आवळते. एकशे तीस-चौऱ्याऐंशी.

"तुमचं बरं नाही चुकलं?"

रकाना चौथा, शेरा :

रकाना गेला खड्ड्यात. नर्स सुनेला इंजेक्शन देते, चिठ्ठी खरडते आणि खिडकीतून ओरडते, "ड्रायव्हरभाऊ, गाडी काढा! मोठ्या दवाखान्यात. वाटेत कुठेही थांबू नका."

"अहो, मला अजून दोन केंद्रं करायचीत! गाडी माझी..."

ड्रायव्हर साहेबांकडे बघतसुद्धा नाही. सासू सुनेला कमरेला धरून चढवते. मग मागे वळून नर्सला म्हणते, "दर महिन्याला आणत होते हो हिला. दर महिन्याला तुम्ही 'छान आहे' म्हणालात."

गाडी जाते. पायरीवर नवऱ्याची एक चप्पल राहते.

"आता मी इथे बसून काय करू?" साहेब विचारतात.

नर्स पेन त्यांच्या हातात कोंबते. "मी मोजते. तुम्ही लिहा."

व्हरांड्यात अकरा जणी बाह्या वर सारून उभ्या आहेत.