डार्करूममधले पेढे

"लपवलेले पेढे पुन्हा कमी झालेत!" डार्करूममधून बायको ओरडली. शुगरमुळे डॉक्टरांनी माझं गोड बंद केल्यापासून तिचा संशय फक्त माझ्यावर.

मग मीही इरेला पेटलो. धुतलेल्या फोटोत हायपो हे रसायन उरलंय का, हे तपासायला आमच्या स्टुडिओत सिल्व्हर नायट्रेट असतं. दिसायला साधं पाणी, पण कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं. बायकोदेखत तेच पेढ्यांच्या डब्याच्या झाकणाला चोळलं.

रविवारी डॉक्टर नेहमीसारखे आमच्या डार्करूममध्ये स्वतःचे फोटोचे रोल धुवायला आले. काम उरकून अंगणात उन्हाला चहा पीत बसले.

मी सहज विचारलं, "डॉक्टर, एखादा पेढा चालेल का हो?"

"अजिबात नाही!" त्यांनी माझ्यापुढे बोट नाचवलं. काळंकुट्ट.

बायको गोड हसली. "डॉक्टर, तुमची शुगर कधी तपासलीत?"