ताईचं माप

ताई त्या गावाहून चार इंच बुटकी होऊन परत आली. तसं काही झालेलं नाही असं घरी ठरलंय, म्हणून मी फक्त सहलीचं सांगतो.

लाकूड कापायच्या गिरण्यांचं ते गाव. गिरण्या बंद होऊन चाळीस वर्षं झाली. आता आपलं आपण नकाशा घेऊन फिरायचं आणि प्रत्येक थांब्यावर साखळीला बांधलेला जुना शिक्का नकाशावर मारायचा. नकाशा मी बसमध्ये विसरलो.

"तुझ्यापेक्षा ओंडका बरा," ताई म्हणाली आणि तिनं शिक्का तळहातावरच मारला. 'पाच फूट' असं उमटलं. शेजारच्या फलकावर लिहिलं होतं की ओंडका किती लांबीचा कापायचा, ते या शिक्क्यानं ठरत असे.

ताई पाच फूट चार इंच.

पुढची शेड रिकामी होती, तरी आत करवत फिरल्याचा आवाज आला. बाहेर पडताना ताई अडखळली. "ही जीन्स पायात का येतेय रे?"

"धुतल्यावर आटते ताई, वाढत नाही."

फलकावरच्या मदत क्रमांकावर मी अकरा वेळा फोन केला. दर वेळी एक बाई गोड आवाजात सांगायची, "आपण रांगेत आहात."

शिक्का साबणानं जात नाही. आज सकाळी ताईच्या तळहातावर 'साडेचार फूट' दिसतंय. ताई अंघोळीला गेलीय आणि दाराआडून करवत सुरू झालीय.

तरी गिरणी व्यवस्थापनास नम्र विनंती, की सदर ओंडका आमची ताई असल्यानं पुढील कापणी रद्द करावी.