आधी जनावरं पितील

"आधी जनावरं पितील," इत्तो म्हणाली आणि गव्हर्नरसाहेब अन् नळ यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या तळहातांच्या भेगा कालपासून चुरचुरत होत्या. हात तिनं शालीत लपवले होते.

साहेबांच्या हातात काचेचा पेला होता. फीत कापून झाली होती. राजधानीहून आलेला कॅमेरा पेल्यावर रोखलेला होता. साहेबांनी एक घोट घेतला, की ॲटलासच्या डोंगरातल्या या शेवटच्या गावातही पाणी पोहोचलं, असं संध्याकाळी देशभर दिसणार होतं. मग पुढची वीस वर्षं इकडे कुणी फिरकणार नव्हतं. दवाखान्याचं तसंच झालं. पाटी लागली, फोटो निघाला, कुलूप पडलं ते पडलंच. खाली सपाटीवर साहेबांच्या बागेत कारंजी उडायची आणि इत्तोची सून तूदा सातव्या महिन्याचं पोट सावरत घळीत उतरायची, पाण्याचे डबे पाठीला बांधून वर यायची.

नळ खरा होता. टाकी खरी होती. टाकीतलं पाणी मात्र पहाटे ट्रॅक्टरनं आणून ओतलेलं होतं. झऱ्यापासून टाकीपर्यंतचा पाइप फक्त कागदावर होता, आणि ते गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

मुकद्दम हद्दू धावत आला. हा सरकारचा गावातला माणूस. सरकार जेवलं की ढेकर हा देणार.

"बाजूला हो, म्हातारे. मला तोंडघशी पाडतेस काय?"

"तू उभा कधी होतास, हद्दू?"

बायका तोंडाला ओढणी लावून हसल्या. इत्तो साहेबांकडे वळली. "साहेब, नव्या पाण्याला आमच्यात आधी मुकं जनावर तोंड लावतं. माणूस आधी प्यायला तर पाणी रुसतं. आजोबांच्या आजोबांपासून चालत आलंय."

साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि ते हसले. "रिवाज आहे तर पाळू द्या. आमचं सरकार परंपरेचा मान राखतं."

इत्तोनं शीळ घातली.

उतारावरून आधी खेचरं आली. मग गाई. मग मेंढरं, एकमेकांच्या अंगावर चढत, ढकलत, ओरडत. नळाखालच्या लांब दगडी कुंडात तोंडं बुडाली ती वर निघेनात. एक कळप हटला की मागचा घुसायचा. साहेबांनी पेला या हातातून त्या हातात घेतला. छत्री धरणाऱ्या शिपायानं दांडा खांद्याला टेकवला. एका बोकडानं साहेबांच्या बुटावर लेंड्या टाकल्या आणि सावकाश पुढे गेला. ऊन डोक्यावर आलं.

"लल्ला, आता पुरे," थोर बाईला मारायची ती हाक मारत साहेब अदबीनं म्हणाले. अदब आता दातांतून येत होती. "एवढी कसली तहान यांना?"

"डोंगरातली तहान आहे, साहेब. जुनी आहे."

नळानं गुळणी केली, हवा सोडली, दोन थेंब गाळले आणि तो गप्प झाला. शेवटची शेळी ओला दगड चाटत राहिली.

हद्दूचा धीर सुटला. "साहेब, ट्रॅक्टर अजून पुलापाशीच असेल. आणखी एक टाकी मागवू?"

साहेबांच्या कोटाला माइक तसाच लावलेला होता. कॅमेरावाल्यानं घाईघाईनं कॅमेरा खाली घेतला. तूदानं मात्र आपला फोन खाली घेतला नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांनीही नाही.

"बंद कर ते," साहेब म्हणाले. पेला अजून हातातच होता, कोरडा.

"पाइप आला की करीन," तूदा म्हणाली.

इत्तो कुंडाच्या कडेला टेकली. हात शालीतून काढून तिनं त्या शेळीची मान खाजवली, तिची मनातल्या मनात माफी मागितली. काल दिवसभर साऱ्या गावानं आपापल्या कळपाला मुठी मुठी मीठ चाटवलं होतं, आणि पाण्याचा थेंब दाखवला नव्हता.