पितळी पट्टा

“परक्या घरी तोंड मिटून राहायचं, पोरी,” वसईहून निघताना आई म्हणाली होती. कॅनडात ब्रॅम्पटनला घरकामाला आलेली सेलीन तशीच राहिली. यामिनीमॅडमनी तिचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केला, तेव्हाही बोलली नाही. आज ती पोळ्या लाटत असताना मॅडमची मुलगी ऊर्मी शाळेच्या प्रोजेक्टचे कागद नाचवत आली. “आंटी, लिसन, लंडनच्या जुन्या पेपरातली जाहिरात. ‘सर्व्हंट मुलगी पळाली आहे, गळ्यात पितळी पट्टा, आणून देणाऱ्यास बक्षीस.’ होती स्लेव्ह, छापलं सर्व्हंट. सर्व्हंट असती तर सरळ निघून गेली असती ना? पळाली कशाला? तू तर केव्हाही जाऊ शकतेस, राइट?” सेलीनचं लाटणं थांबलं. “ती कुठे जातेय, घरचीच आहे आपल्या,” सोफ्यावरून मॅडम हसल्या. सेलीननं पिठाचा हात तसाच पुढे केला. “मॅडम, माझा पासपोर्ट द्या.”