दुपारचं चार्जिंग

मानवतला माणिकरावांच्या बियाण्याच्या दुकानापुढं रोज दुपारी नागनाथची अपंगांसाठीची बॅटरीवरची तीनचाकी येऊन थांबायची. "भाऊ, आमच्या गल्लीत लाईट न्हाई," एवढंच तो म्हणायचा. दुपारी बाजारातही लोडशेडिंग असायचं, म्हणून माणिकराव आपल्या कारचं बॉनेट उघडायचे, बॅटरीला इन्व्हर्टर जोडून त्यात तीनचाकीचा चार्जर लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. दोन तास दोघं शेजारी बसायचे, चहा व्हायचा, कापसाच्या गप्पा व्हायच्या. बाजारात लोक माणिकरावांचं नाव काढायचे.

पण इंजिन सुरू झालं की माणिकरावांच्या कानात तोच धप्पकन आवाज व्हायचा. दोन वर्षांपूर्वी पोखर्णीच्या रस्त्यावर, धुक्याच्या सकाळी, एका सायकलवाल्याला उडवून ते न थांबता निघून आले होते. नागनाथचे पाय त्याच सकाळी गेले. एवढ्या धुक्यात त्याला काय दिसलं असणार, असं ते रोज स्वतःला समजावायचे. आणि नागनाथचा हात रोज नेमका कारच्या नव्या बसवलेल्या डाव्या हेडलाईटवर असायचा.

काल माणिकराव धीर करून म्हणाले, "नागनाथ, तुमच्या गल्लीत आता लाईट जात न्हाई म्हणं. मग घरीच लावत जा की चार्जिंगला."

नागनाथ सावकाश वायर गुंडाळत राहिला.



"लाईट आमच्याकडं कधी गेलीच न्हाई, भाऊ. गाडी मी पहिल्याच दिवशी ओळखली. तुमी आज सांगताल, उद्या सांगताल, म्हणून येऊन बसायलो."