पूर्ण नाव

धोंडप्पांनी तीन पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बघून घ्या बाई. एक पान फाटलेलं न्हाई."

सुमनबाईंनी पुस्तकं पुढं ओढली. बारावीचं अर्थशास्त्र, इतिहास आणि इंग्रजीचं गाईड. तिन्हींना वर्तमानपत्राचं कव्हर आणि त्यावर ब्लाउजच्या मापाच्या निळ्या रेघा. कर्नाटकातल्या आळंदच्या वाचनालयात सुमनबाई सव्वीस वर्षं ग्रंथपाल होत्या, कव्हरावरून वाचक ओळखायच्या. ही पुस्तकं खजुरी गावच्या भाग्यलक्ष्मीनं नेलेली. धोंडप्पा तिचे सासरे. दर बाजाराच्या दिवशी ती शिवणकाम शिकायला म्हणून आळंदला यायची आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून अभ्यास करायची. बाहेरून बारावीचा फॉर्म भरला होता. परीक्षा अठरा दिवसांवर आली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते फक्त सुमनबाईंना.

धोंडप्पांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी सांगितलं ते असं, की धाकटा मुलगा रविकुमार पुण्यात कंपनीत आहे. परवा त्यानं तिथं कॉम्प्युटरवर आळंदचं वाचनालय पाहिलं. आपल्या तालुक्याचं नाव इंटरनेटवर बघून पोरगं हरखलं, एकेक पान उघडत बसलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकापुढं वहिनीचं नाव दिसलं. त्यानं तिथूनच घरी फोन लावला आणि आधी वहिनीला फोन द्या म्हणाला, अभिनंदन करायचंय.

"लई खुश झाला होता त्यो," धोंडप्पा म्हणाले. "त्याला वाटलं, आम्हीच शिकवायलाव."

कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं बसलेल्या लिंगराजची बोटं थांबली. हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा वेबसाईट करायला म्हणून गुलबर्ग्याहून आलेला. चार महिने सुमनबाई रजिस्टर वाचत होत्या आणि तो टाईप करत होता. सुरुवातीला दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यानं बोटाला थुंकी लावून पान उलटलं की बाई फटकारायच्या, आणि बाईंनी माऊसला हात लावला की त्याचा जीव वरखाली व्हायचा. मग पटलं, आणि इतकं पटलं की कुठं थांबायचं ते दोघंही विसरले. कुठलं पुस्तक कुणाकडं आहे तेही दाखवू, ही कल्पना लिंगराजची. पुस्तकं दाबून बसणाऱ्यांना जरा लाज वाटेल म्हणून ती उचलून धरली बाईंनी.

तरीही भाग्यलक्ष्मी यातून सुटली असती. रजिस्टरात तिचं नावच नव्हतं. तिला धरून अशा सातजणी होत्या, घरच्यांना न कळवता वाचणाऱ्या. त्यांच्यापुढं बाई नुसता सभासद नंबर लिहायच्या आणि नावं डोक्यात ठेवायच्या. हा नेम त्यांनी कधी, कुणासाठी मोडला नव्हता. पण लिंगराजनं विचारलं, अक्का, इथं पूर्ण नाव काय टाकू, रिकामी जागा बरी दिसत नाही. बाईंनी चहा पिता पिता सातही नावं सांगून टाकली, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. काम इतकं सुरेख चाललं होतं की त्यात एक जागाही रिकामी नको वाटली.

"अण्णा, चूक माझी हाय," सुमनबाई म्हणाल्या. "तिला परीक्षेला तेवढं बसू द्या."

"इचारली असती तर पाठवलो असतो का न्हाई, ते आता मलाच सांगता येईना." धोंडप्पा खिडकीकडं बघत बोलत होते. "पण दोन वर्सं सुई-दोरा घिऊन निघायची, बाई. तिची सासू डबा बांधून द्यायची. कामून असं केलाव तुम्ही?"

ती बरी आहे ना, एवढंच सुमनबाईंनी विचारलं. बरी आहे, धोंडप्पा म्हणाले, जेवत नाही, पण बरी आहे. पुस्तकं तिनंच पुसून दिली. बाजाराला आता तिची सासू येत जाईल. त्या कॉम्प्युटरातलं नाव तेवढं काढा, असं सांगून त्यांनी हात जोडले आणि चपला घालून निघून गेले. वाईट माणूस असता तर त्याचा राग तरी करता आला असता.

बाई उठून लिंगराजपाशी गेल्या. त्याचे डोळे भरले होते. मी विचारायला पाहिजे होतं, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, तू विचारलंस की रे बाबा, सांगितलं मी. एरवी माणसं दोष दुसऱ्यावर ढकलतात. ही दोघं तो आपल्याकडं ओढत होती, आणि त्यानं भाग्यलक्ष्मीचं काही भलं होणार नव्हतं.

लिंगराजनं आधी तिचं नाव काढलं, मग त्या सहाजणींची, मग सगळ्यांचीच. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाई मागं उभ्या राहून बघत होत्या. तीन पुस्तकांपुढं आता नुसतं 'उपलब्ध' एवढंच दिसत होतं.

"पुण्यात बी निघालं का रे?" त्यांनी विचारलं.

"व्हय अक्का. इथून काढलं की सगळीकडंच निघतंय."

बाईंनी टेबलावरच्या त्या तीन पुस्तकांकडं बघितलं.

"अन् खजुरीत?"