दुसऱ्या फेरीतली फुगडी

जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली मंगळागौर सून मुग्धाने फोनवर पाठवण्याएवढी लहान करून दाखवली, तेव्हा वत्सलाबाईंचा चेहरा उतरला. पूजा स्वच्छ दिसत होती, पण फुगडीचे नुसते चौकोन झाले होते. आणि अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीला तर दोघींची ती फुगडीच बघायची होती.

“लहान करताना कॉम्प्युटरने एकाच फेरीत उरकलं ना, आई,” मुग्धा म्हणाली. “आता दोन फेऱ्या. पहिलीत कॉम्प्युटर नुसतं बघून घेईल. दुसरीत शांत पूजेची फाइलमधली जागा वाचवून गरगरणाऱ्या फुगडीला देईल.”

“अगदी आमच्या आत्याबाई गं! आधी पंगतीवर नजर फिरवायच्या, मगच वाढायला घ्यायच्या. श्रीखंड कधी कुणाला कमी पडलं नाही.”

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला.

“ताई, माझा अंबाडा सुटला तरी मी थांबले नाही! बघितलंस? आधी तूच दमलीस!”